नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

मय्यतीला बारा-तेरा दिवस झाले असतील. ओळखीच्या एका घरी आम्ही बसलो होतो. मरहूम अब्बांची कागदपत्रे सतरंजीवर पसरलेली होती. त्यातले बँकेचे पासबुक हातात घेऊन मुलगा मोठ्या बहिणीला म्हणाला, "आपा, अब्बांनी मला नॉमिनी केलंय. म्हणजे हे पैसे त्यांनी माझ्यासाठीच ठेवले ना?"

आपा काही बोलली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून ती चहा टाकायला आत गेली. कोपऱ्यात तसबीह घेऊन बसलेल्या दादीने फक्त एकदा वर पाहिले.

मुलगा लबाड नव्हता. 'नॉमिनी' या शब्दाचा आपल्यापैकी बहुतेक जण जो अर्थ लावतात, तोच त्यानेही लावला होता. या एका शब्दाच्या चुकीच्या अर्थापायी किती बहिणींचा, विधवांचा आणि म्हाताऱ्या आयांचा हक्क बुडत असेल, हे अल्लाहलाच ठाऊक.

शब्दाचा खरा अर्थ

नॉमिनी हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ आहे 'नाव'. संस्कृत आणि फारसीतला 'नाम' त्याच कुळातला. उर्दूत आपण 'नामजद' म्हणतो. म्हणजे नॉमिनी हा फक्त 'ज्याचे नाव दिले आहे तो' एवढाच असतो.

हाच शब्द इतर ठिकाणी आपण अगदी बरोबर समजतो. पुरस्कारासाठी नॉमिनी असलेल्याला पुरस्कार मिळालाच, असे कोणी म्हणत नाही. निवडणुकीत पक्षाचा नॉमिनी अजून निवडून यायचा असतो. मात्र बँकेच्या फॉर्मवर तोच शब्द दिसला की आपण त्याला थेट मालक करून टाकतो. 'नॉमिनी लावला का?' असे विचारताना आपल्या मनात 'पैसे कोणाला दिले?' हाच प्रश्न असतो. काही मराठी फॉर्मवर त्या रकान्यात 'वारसदार' असेच छापलेले असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे कोणाच्या हाती सोपवायचे, एवढेच बँकेला कळावे म्हणून हे नाव घेतले जाते. नॉमिनीला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते. नॉमिनीची जबाबदारी मात्र तेथून सुरू होते.

न्यायालय काय म्हणते?

एका विमाधारकाने पत्नीला नॉमिनी केले होते. त्याच्या मृत्यूनंतर आईने आणि मुलाने विम्याच्या रकमेत हिस्सा मागितला. डिसेंबर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नॉमिनी रक्कम स्वीकारू शकतो, पण ती वारसा कायद्याप्रमाणे वारसांचीच असते. डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या शेअर्सबाबतही याच न्यायालयाने सांगितले की नॉमिनेशनमुळे वारसाहक्क संपत नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत सभासद वारला तर नॉमिनीला तात्पुरते सभासद करून घेतले जाते. त्याने फ्लॅट त्याच्या मालकीचा होत नाही. विम्याच्या कायद्यात मात्र २०१५ साली बदल झाला. आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क देण्याची तरतूद आली. तिचा नेमका अर्थ काय, यावर न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत. म्हणून विम्याबाबत वाद असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा आणि दीनच्या दृष्टीने आलिमांना विचारावे.

शरीअतचा क्रम

माणूस गेल्यावर जे मागे राहते तो तरका. त्यातून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि शेवटी वाटप, असा क्रम आहे. पत्नीचा महर दिलेला नसेल तर तेही कर्जच. वसीयत एक तृतीयांशपर्यंतच करता येते. सुन्नी फिकहनुसार वारसासाठी केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. मग बँकेच्या फॉर्मवरच्या एका सहीने बाकीच्या वारसांचा हक्क कसा संपेल? वारसांचे हिस्से तर सूरह निसामध्ये अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहेत.

हिशेब सोपा जावा म्हणून धरू की सगळे देणे फिटून २४ लाख रुपये उरले. मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा ३ लाख. आईचा सहावा हिस्सा ४ लाख. उरलेल्या १७ लाखांत मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे मुलाला साडेआठ लाख आणि प्रत्येक मुलीला सव्वाचार लाख. नॉमिनी म्हणून मुलाने सगळे स्वतःकडे ठेवले, तर साडेपंधरा लाख रुपये दुसऱ्यांचे झाले. त्यात त्याच्या अम्मीचे आहेत आणि दादीचेही.

आज काय करावे?

याचा अर्थ नॉमिनी लावू नये, असा मुळीच नाही. नॉमिनी नसेल तर वारसांना दाखल्यांसाठी खेटे घालावे लागतात. म्हणून जरूर लावा, पण विश्वासू माणूस निवडा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो. एकाच्याच हाती सगळे देण्याची गरज आता उरलेली नाही.

खाती, ठेवी, देणी-घेणी, महर दिला की नाही, हे सगळे एका वहीत लिहून ठेवा. आणि घरच्यांना बसवून जिवंतपणीच सांगा, "नाव तुझं आहे, पण पैसे सगळ्यांचे आहेत."

त्या घरातल्या मुलाने पुढच्या जुम्याला इमामसाहेबांना विचारले. त्यांनी कागदावर हिस्से मांडून दिले. तो कागद घेऊन तो घरी आला आणि आपाच्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, "आपा, मला वाटलं होतं मी मालक आहे. मी तर अमीन निघालो."

आपल्याही पासबुकावर कोणाचे तरी नाव असेल. किंवा कोणाच्या पासबुकावर आपले. आज रात्री जेवणानंतर त्या नावाचा अर्थ घरात एकदा बोलून घ्या. मय्यतीनंतर ही गोष्ट बोलणे फार जड जाते.