डोळे शाबूत, तरी दिसत नाही!

विद्यार्थी मित्रांनो, लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. एक हात समोर ताठ धरा, अंगठा उभा करा आणि त्याच्या नखाकडे टक लावून पाहा. नखावरच्या बारीक रेषासुद्धा दिसतील. आता नजर मुळीच न हलवता आजूबाजूच्या वस्तू ओळखा पाहू! भिंतीवर कॅलेंडर आहे एवढे कळेल, पण त्यावरची तारीख काही वाचता येणार नाही. म्हणजे आपल्याला खरोखर स्पष्ट दिसते ते जेमतेम नखाएवढ्या जागेतले!

असे का होते? एक कारण डोळ्यातच आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी बारकावे टिपणाऱ्या पेशींची फार दाटी असते. पण दुसरे कारण डोळ्यांपासून बरेच दूर, डोक्याच्या मागच्या बाजूला दडलेले आहे. ते आपल्याला समजले ते मुख्यतः रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकांमुळे. त्याचीच ही हकिगत.

गोळी आरपार गेली, पण सैनिक वाचला

१९०४-०५ साली रशिया आणि जपान यांच्यात युद्ध झाले. पूर्वीच्या बंदुकींच्या गोळ्या शिशाच्या, जाडजूड आणि मंद वेगाच्या असत. तशी गोळी डोक्यात लागली की कवटीच्या ठिकऱ्या उडत. रशियन सैनिकांच्या नव्या रायफलीची गोळी मात्र केवळ ७.६२ मिलिमीटर व्यासाची होती आणि सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने सुटत असे. ती पुष्कळदा एका बाजूने बारीक भोक पाडून आत शिरे आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडे. त्यामुळे डोक्यातून गोळी आरपार जाऊनही काही जपानी सैनिक जिवंत राहिले.

यांपैकी काहींची अवस्था मोठी विलक्षण होती. डोळ्यांना साधा ओरखडाही नाही, उजेड पडताच बाहुली नेहमीसारखी लहान होते, तरीही समोरच्या दृश्याचा काही भाग दिसतच नाही! अशा सैनिकाला किती पेन्शन द्यायचे? दृष्टी किती गेली हे मोजल्याशिवाय ते ठरणार कसे? हे मोजण्याचे काम तात्सुजी इनौये या तरुण नेत्रतज्ज्ञाकडे आले.

मोजण्याची रीत सोपी आहे. एक डोळा झाकून दुसऱ्याने समोरच्या ठिपक्याकडे पाहत राहायचे. डॉक्टर एक छोटी पांढरी खूण कडेकडून हळूहळू मध्ये आणतात. ती कोठे दिसते आणि कोठे नाहीशी होते हे कागदावर नोंदले की न दिसणाऱ्या भागाचा नकाशा तयार होतो. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झालेल्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांचे नकाशे जवळजवळ सारखे येतात. सोंग घेणाऱ्याला ते असे जुळवणे फार अवघड! यावरून हेही कळते, की दोष डोळ्यांत नसून, दोन्ही डोळ्यांकडून आलेले संदेश जेथे एकत्र येतात त्या मेंदूत आहे.

भूमिती मदतीला आली

पण मेंदूतली नेमकी कोणती जागा? त्या काळच्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसत, मेंदू दिसत नसे. कवटी उघडून पाहणे तर शक्यच नव्हते. इनौये यांनी भूमितीचा आधार घेतला. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. गोळी शिरल्याचे भोक हा एक बिंदू, बाहेर पडल्याचे भोक हा दुसरा. डोक्यावर बसवून या दोन्ही जागा मोजता येतील असे एक उपकरण त्यांनी तयार केले. त्या मापांवरून गोळीचा मार्ग काढला आणि मेंदूचा कोणता भाग जखमी झाला असेल ते ठरवले. अशा २९ सैनिकांचा अभ्यास त्यांनी १९०९ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केला.

त्यातून काय दिसले? डावीकडचे दृश्य मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात पोचते आणि उजवीकडचे डाव्या. वरचे दृश्य खाली आणि खालचे वर. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, नजरेच्या मध्यभागासाठी मेंदूने भलतीच मोठी जागा राखून ठेवली आहे! महाराष्ट्राच्या नकाशात एका तालुक्यानेच अर्धे पान व्यापावे, तसा हा प्रकार. नखावरच्या रेषा स्पष्ट दिसण्याचे दुसरे कारण ते हेच.

पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी डोक्याच्या मागे जखमा झालेले अनेक सैनिक तपासून असाच नकाशा अधिक तपशिलाने काढला. १९९१ साली, चुंबकीय यंत्राने मेंदूची चित्रे घेता येऊ लागल्यावर, तो पुन्हा तपासला गेला. मधल्या १० अंशांच्या दृश्याला या दृक्केंद्राचा निम्म्याहून अधिक भाग लागतो असे त्यात आढळले.

हाताला आठवले, डोळ्यांना नाही

नकाशा मिळाला, पण जखमी माणसाचे पुढे काय? दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उरल पर्वताच्या प्रदेशात अशा सैनिकांसाठी रुग्णालय चालवले. तेथे झासेत्स्की नावाचा तरुण अधिकारी आला. १९४३ साली स्मोलेन्स्कजवळ त्याच्या डोक्यात गोळी लागली होती. त्याला उजवीकडचे दिसत नसे आणि अक्षरेही ओळखू येत नसत. लहान मुलासारखा तो पुन्हा मुळाक्षरे शिकू लागला.

लिहिताना तो एकेका अक्षरापाशी अडे. तेव्हा त्याला सांगण्यात आले, ‘अक्षराचा विचार करू नकोस, हात न उचलता सगळा शब्द लिहून टाक.’ आणि काय आश्चर्य! हात झरझर चालू लागला. लिहिण्याची सवय मेंदूच्या शाबूत भागात टिकून होती. स्वतः लिहिलेले वाचताना मात्र त्याला फार कष्ट पडत. तरीही २५ वर्षांत त्याने सुमारे ३००० पाने लिहिली. मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत, पण शाबूत भागाकडून वेगळ्या वाटेने काम करून घेता येते, हा आजच्या उपचारांतलाही मोठा आधार आहे.

न दिसणारी जखम

आज सैनिकांना आणखी एक धोका आहे. जवळ स्फोट झाला की हवेच्या दाबाची लाट डोक्यातून जाते. वरून जखम दिसत नाही, मेंदूच्या चित्रातही अनेकदा काही सापडत नाही. पण डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड सुरू होते. ‘याला काही झालेले नाही’, असे लोक सहज म्हणून जातात. २०१६ साली डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटांत सापडलेल्या मृत अमेरिकन सैनिकांच्या मेंदूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात त्यांना एका विशिष्ट प्रकारचे सूक्ष्म व्रण आढळले. जिवंत माणसात ते कसे ओळखायचे, यावर संशोधन चालू आहे.

तेव्हा मित्रांनो, जखम दिसत नाही म्हणून ती नाहीच असे समजू नका. खेळताना कोणी डोक्यावर आपटला आणि नंतर त्याला उलटी झाली, गुंगी आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर ‘रक्त कुठे आलंय?’ म्हणून सोडून देऊ नका. मोठ्यांना सांगा आणि त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.