नाकावर भिस्त नको

झाकण उघडायचं, थोडा वेळ थांबायचं, वास घ्यायचा, फार तर पेटती काडी आत टाकून पाहायची आणि उतरायचं. मॅनहोल किंवा सेप्टिक टँक साफ करताना अजूनही अनेक ठिकाणी एवढीच परीक्षा होते, आणि ती जीवघेणी आहे. मैला कुजताना तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 100 भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं उतरणाऱ्याला वाटतं. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो आणि गाळ ढवळताच उसळतो. काडी विझली तर प्राणवायू कमी आहे एवढंच कळतं. हायड्रोजन सल्फाइडचा पत्ता तिला लागत नाही, आणि खाली मिथेन असेल तर तीच काडी स्फोट घडवते. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोघे-तिघे दगावतात ते यामुळे.

हातात मावणारा गॅस डिटेक्टर प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू असं चारही एकदम मोजतो. नळी सोडून तळाची हवा वर ओढता येते, म्हणजे कोणी उतरण्याआधीच आकडा हाती येतो. साध्या हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो; तो 19.5च्या खाली गेला की भोंगा वाजतो. यंत्रं बिघडतात, असं कंत्राटदार म्हणतात. बिघडतातच, त्यातले रासायनिक सेन्सर दोन-तीन वर्षांत मंदावतात. पण ठरावीक प्रमाणाचा वायू सोडून यंत्र रोज तपासता येतं, बधिर नाक तपासता येत नाही. खर्चाचं म्हणाल, तर गटारात मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बजावलं आहे. डिटेक्टरची किंमत त्यापुढे किरकोळ.

डिटेक्टर दिला की माणूस उतरवायला मोकळीक मिळेल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. सुरक्षासाधनांशिवाय असं काम करून घेणं 2013च्या कायद्याने गुन्हा ठरवलं; ते बंधन महापालिकेइतकंच खासगी मालकालाही आहे. तरीही माझ्या मते काम मुळात सक्शन मशिननेच व्हावं. जिथे उतरणं खरोखर टळत नाही, तिथे आकडा उतरणाऱ्याला दिसावा आणि भोंगा वाजताच काम थांबवायचा हक्क त्याचाच असावा. मुकादमाच्या खिशातलं यंत्र त्याच्या काय कामाचं? तुमच्या सोसायटीची टाकी साफ करायला माणसं येतील, तेव्हा झाकण उघडण्याआधी विचारा: मशिन आणलंय का? नसेल, तर त्या दिवशी काम करून घेऊ नका.