पुडी मागून घ्या

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर 1853 च्या शरदात अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. दुखणं संग्रहणीचं. 20 नोव्हेंबरला घाईघाईने दत्तकविधान उरकलं, 21 ला राजे गेले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने संस्थान खालसा केलं. त्यापुढचा इतिहास मराठी मुलांना पाठ असतो. पोटाचं ते दुखणं मात्र त्यात ओझरतं येऊन जातं. आज त्याच झाशीत राणीच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय उभं आहे. राजाला जे मिळालं नाही ते आता तिथल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात चार पैशांत मिळतं. तरीही जुलाबांनी बाळं दगावतात, आणि माझ्या मते याचं एक मोठं कारण म्हणजे ते औषध कुणी मागतच नाही.

बुंदेलखंडाच्या पोटात ग्रॅनाइटचा कातळ आहे. पाणी मुरायला जागा कमी, त्यामुळे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि पहिल्या पावसात वरची घाण घेऊन पुन्हा भरतात. जुलाबांचा एक हंगाम तो. दुसरा थंडीचा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर भारतात रोटाव्हायरस जोरात असतो, आणि तो पाणी उकळून पिणाऱ्या घरातल्या बाळालाही सोडत नाही. दिवाळीचा फराळ संपता संपता हाच हंगाम सुरू होतो, म्हणून हे आत्ता लिहायचं.

बाळाला मारतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जाणं. जुलाब चालू असतानाही आतड्याचं एक दार उघडं राहतं: साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आले की ते जोडीने आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी 1960 मध्ये मांडली. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रोग्यांवर तिचा उपयोग दाखवला. खरी कसोटी लागली 1971 मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावला. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत कालवलं आणि पाजण्याचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवरच सोपवलं. जिथे शंभरातले तीस जण मरत होते तिथे मृत्यू चारांच्याही खाली आले. महालनबीस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळालं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस, म्हणजे अशाच मीठ-साखरेच्या मिश्रणाची पुडी, मिळालेली 60.6 टक्के आणि तिच्यासोबत द्यायचं झिंक मिळालेली 30.5 टक्के निघाली. म्हणजे शंभरातल्या चाळीस बाळांना ही पुडी मिळालीच नाही. का? 2024 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांवर खासगी डॉक्टरांकडे आणि औषध देणाऱ्यांकडे बाळाचा बाप म्हणून माणसं पाठवली होती. पुडीचा साठा नसणं हे कारण किरकोळ ठरलं. मोठं कारण हे की ‘लोकांना ओआरएस नको असतं’ अशी देणाऱ्याची समजूत होती. ज्या बापाने ओआरएस हवं असल्याचं दाखवलं, त्याला ते मिळण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं. साध्या पाण्यासारख्या जुलाबांवर बहुतेक वेळा प्रतिजैविकं लागत नाहीत. बाळाला जुलाब थांबवणारी गोळी तर देऊच नये. तेव्हा दुकानात उभं राहून स्पष्ट म्हणावं, ‘ओआरएसची पुडी आणि झिंक द्या.’

पुडीवर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलंय ना, ते वाचून घ्यावं. ओआरएसचं नाव लावलेली गोड पेयं वर्षानुवर्षं दुकानांत विकली गेली. त्यांतली जादा साखर आतड्यात उलट पाणी खेचते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध चिकाटीने लढा दिला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांवर हे नाव वापरायला मनाई केली.

आता पाजायचं कसं? मोठी पुडी 20.5 ग्रॅमची. ती सगळी एका लिटर स्वच्छ पाण्यात एकदम घालायची. ‘थोडी थोडी घालू’ म्हणून अर्धी ठेवली की प्रमाण बिघडतं. 24 तासांनी उरलेलं ओतून द्यावं. दोन महिन्यांवरच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा एकेक चमचा. आईचं दूध अजिबात तोडू नये. ‘पोटाला विश्रांती द्या’ असं आजी मायेपोटी सांगते, पण अंगावरचं दूध हाच बाळाचा आधार आहे. झिंक चौदा दिवस: सहा महिन्यांपर्यंत 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं. ‘दात येतायत, होणारच’ हेही सोडून द्यावं. त्या वयात बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. नुसत्या अंगावरच्या दुधावरचं बाळ दिवसातून अनेकदा पिवळी पातळ शी करतं आणि छान खेळतं, तो आजार नव्हे.

डोळे किंवा टाळू खोल गेली, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी सावकाश बसली, शीत रक्त दिसलं, बाळ प्यायचं थांबलं किंवा सुस्त पडलं, तर घरी वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर पहिल्या जुलाबालाच डॉक्टर.

रोटाव्हायरसवर लस आहे आणि तिचा एक धागा पुण्याकडे येतो. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराजकृष्ण भान यांच्या चमूला नवजात बाळांत एक सौम्य विषाणू सापडला. त्यापासून बनलेल्या लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरात झाली. 6,799 बाळं तिच्यात होती. पहिल्या वर्षी गंभीर आजारापासून सुमारे 56 टक्के संरक्षण मिळालं, म्हणजे लस दिली तरी पुडी घरात हवीच. सरकारी केंद्रांत रोटाव्हायरसची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना फुकट मिळते. पहिला डोस राहिला असेल तर वर्ष भरायच्या आत देता येतो. झाशीत असा की जळगावात, बाळाचं लसीकरण कार्ड काढून आशाताईंना दाखवा.