जाहिरातीतल्या बाईचे हात पाहा!

साड्यांची जाहिरात आली की आपण आधी पदर पाहतो, मग रंग, मग किंमत. मैत्रिणींनो, एकदा त्या बाईचे हात पाहा बरं!

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने शेकडो छापील चित्रं जमवून ‘जेंडर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट्स’ (१९७९) या पुस्तकात हेच दाखवलं. पुरुष वस्तू घट्ट धरतो. बाईची बोटं ती नुसती कुरवाळतात. तो ताठ उभा. तिची मान कललेली, एक गुडघा दुमडलेला, नाहीतर सोफ्यावर रेललेली. नजर भलतीकडेच! अशी मान वाकडी करून तुम्ही कधी रेशनच्या रांगेत उभ्या राहिलात?

‘जाहिरातच ती, सोडून द्या,’ असं घरातले म्हणतील. पण तुमची लेक फोटो काढताना नेमकी तशीच उभी राहते. पोट सपाट दिसत नाही म्हणून तिला साडीच नको असते. तेव्हा काय सांगणार तिला?

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ चा कायदा आहे, पण वाकलेल्या मानेला तो काय करणार? जाहिरात व्यवसायानेच नेमलेल्या मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेने मात्र २०२२ साली नियम काढले. बाई घरकाम करताना खुशाल दाखवा, पण ते तिचंच काम असं सुचवू नका, असं त्यांत आहे. साध्या ग्राहकाची तक्रारही तिथे घेतात, पैसे पडत नाहीत. जाहिरातीचा फोटो आणि ती कुठे, कधी पाहिली, एवढं मात्र लिहून ठेवा.