पण, मात्र, नाहीतर… जॉर्जियन ढंगाने!

कॉकेशस पर्वताच्या कुशीतल्या जॉर्जियाची भाषा म्हणजे कार्तुली. स्वतःची लिपी, 33 अक्षरं, आणि 'पण' म्हणायच्या कितीतरी तऱ्हा!

रोजचा 'पण' म्हणजे 'माग्राम'. 'त्स्विम्स, माग्राम माइंत्स मोवाल': पाऊस पडतोय, पण मी तरीही येईन. अख्खा पाऊस 'त्स्विम्स' या एका शब्दात, आणि 'मी येईन' हे सगळं 'मोवाल'मध्ये! 'माइंत्स' म्हणजे 'तरीही'. लिहिताना 'माग्राम'च्या आधी स्वल्पविराम हवाच.

खरी धमाल आहे ती 'की' या चिमुकल्या शब्दाची. एकटा आला की त्याचा अर्थ 'हो'. पण नामाच्या पाठीला लागला की तो चक्क आपला 'मात्र' होतो. ऐका: 'मामा त्बिलिसशिया, देदा की बातुमशी.' मामा म्हणजे वडील, देदा म्हणजे आई (हो, बरोबर वाचलंत!). म्हणजे, वडील तिबिलिसीत आहेत, आई मात्र बातुमीत. आपला 'मात्र' जसा 'आई'च्या मागोमाग येतो, अगदी तस्साच हा 'की'. हाच 'मात्र' नामाच्या आधी आणायचा असेल, तर 'खोलो' वापरायचा: 'खोलो देदा बातुमशी'. हा जरा लेखी वळणाचा.

आता याच 'की'ला 'आरा', म्हणजे 'नाही', जोडा. 'चाइ की आरा, कावा मिंदा.' चहा नको, कॉफी हवी! होकार आणि नकार शेजारी शेजारी, आणि दोघांनी मिळून चहाला दिला नारळ. हेच भारदस्तपणे सांगायला 'आरामेद' आहे, आपल्या 'नव्हे, तर'सारखा. आधी नकार आल्याशिवाय हे महाशय वाक्यात पाऊल टाकत नाहीत.

'तोरेम' म्हणजे 'नाहीतर': लवकर आवर, तोरेम उशीर होईल. अट घालायची तर 'ओघोंद'. 'मोवाल, ओघोंद ग्वियान', येईन, फक्त उशिरा.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'सामागिएरोद'. घर लहान आहे, सामागिएरोद उजेड भरपूर! उणिवेची भरपाई करणारा हा 'पण'. याच घराण्यातला 'सामागिएरो' परतफेडीसाठीही येतो आणि सूड उगवण्यासाठीही. मराठीत 'बदल्यात' आणि 'बदला' यांचं नातं असंच नाही का?

आणि एक गोड योगायोग: मित्रमंडळीत जॉर्जियन माणूस होकार देतो तो चक्क 'हो' म्हणूनही! वडीलधाऱ्यांसमोर मात्र 'दियाख' म्हणायचं.

वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जियाला निघालेल्या मराठी मुलामुलींनो, हे शब्द इंग्रजीच्या 'बट'वरून पाठ करू नका. इंग्रजीत एकाच 'बट'वर बरंच काही भागतं. मात्र, नव्हे तर, नाहीतर, फक्त, बदल्यात… थेट मराठीतून शिका, पटकन जमेल.