सीमेवरची चूल – ९ : भज्जीत उतरलेली पहाणी

गेल्या आठवड्यात आपण परसातल्या वेलमांडवापाशी थांबलो होतो. आता परस ओलांडून रानात जायचं, कारण मार्गशीर्ष लागला की बिदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात चुलीचं सगळं ध्यान रानाकडे लागतं. महिन्याच्या सुरुवातीला चंपाषष्ठी, पौर्णिमेला दत्तजयंती आणि शेवटाला अमावस्या. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतली मराठी घरं तिला येळवस म्हणतात, कुणी वेळ अमावस्या म्हणतात. कन्नड शेजाऱ्यांची ती एळ्ळ अमावास्ये. त्या दिवशी घरची चूल थंड आणि गाव ओस. सगळे रानात जेवायला.

दिवाळी इथंही होते, पण पोरांना विचारा, सासरी गेलेल्या मुलींना विचारा, वर्षाचा खरा सण येळवसच. लातूर जिल्ह्यात तर जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. त्यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद म्हैसूर राज्यात राहिले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात. सोयरिकी मात्र होत्या तशाच राहिल्या, म्हणून आजही निलंग्याच्या आणि भालकीच्या घरात येळवशीला एकाच चवीची भज्जी शिजते.

त्या भज्जीकडे यायचंच आहे. आधी विस्तवाचं काम पाहू, कारण सणाची तयारी तिथून सुरू होते.

या घरांत भट्टी नसते. जे भाजायचं ते तव्यावर, नाहीतर थेट निखाऱ्यांत आणि आरात. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य लागतो. भालकी तालुक्यात खानापूरजवळचा मैलार मल्लण्णा हा इथला खंडोबा, मराठी आणि कन्नड दोघांचाही. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं याच दिवशी ते पुन्हा खायला लागतात, आणि वांग्यालाही चव धरते ती नेमकी याच थंडीत. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, वरून राख ओढायची. वरचं कवच करपट होतं, आत मऊ वाफ कोंडते. राख झटकून, फोडून, तुपात कुस्करून खायचं. हेच वांगं आणि हाच आर साडेतीन आठवड्यांनी बांधावर पुन्हा भेटतो.

दुसरं काम कडक भाकरीचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पिठात उन्हवणी घालावी लागते. गरम पाण्यानं पिठातलं पिष्ट फुगतं, चिकट होतं आणि तेवढ्या आधारावर भाकरी थापता येते. पीठ शिळं झालं की विरी जाते. मग कितीही मळा, भाकरीच्या कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना ती हातातच मोडते. म्हणून जाणती बाई एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळण देते. कडक भाकरी अगदी पातळ थापायची, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची आणि मग चुलीच्या कडेला मंद धगीवर उभी करून ठेवायची. तिच्यातलं पाणी पुरतं उडून गेलं की ती पापडासारखी वाजते आणि फडक्यात बांधून ठेवली तर कित्येक दिवस टिकते.

येळवशीची खास भाकरी सजगुऱ्याची, म्हणजे बाजरीची, वरून तीळ दाबलेली. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, त्यामुळे दळलेलं पीठ लवकर कडवट होतं. तेल बिघडवणारं द्रव्य पिठात दळणाबरोबर मोकळं होतं आणि भाजल्यावर ते निकामी होतं. तेव्हा सजगुरं दळून आणलं की पीठ ठेवायचं नाही, भाकऱ्या करून ठेवायच्या, हा घरचा नियम पक्क्या अनुभवाचा आहे. या कडक भाकरीला आता बाजारही मिळाला आहे. कलबुर्गी जिल्हा प्रशासनानं महिला बचत गटांना एकत्र आणून ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावानं ती पाकिटात घालून विकायला सुरुवात केली. चांगलंच झालं. नाहीतर २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा शहरांत ज्वारीची बिस्किटं आणि ज्वारीचे केकच जास्त दिसत होते, भाकरी थापणारीचं नाव कुणी घेत नव्हतं.

आता आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबत ठेवतात, मग पाण्यात शिजवून गार करतात, वर पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. ताकातले जिवाणू पिठाची आम्लता वाढवतात आणि त्या आंबटपणात नासवणारे जंतू वाढत नाहीत. मातीच्या मडक्यात, घोंगडीनं झाकून, डोक्यावरून रानापर्यंत नेलेली आंबील दिवस मावळेपर्यंत चांगली राहते. दुपारच्या उन्हात दोन लोटे पोटात गेले की बांधावरच डोळा लागतो. ज्याला लागत नाही तो पाहुणा नवखा समजावा.

आणि भज्जी. हिचा कांदाभज्यांशी संबंध नाही. ही दाट, आंबट, पिवळसर हिरवी भाजी, मोठ्या पातेल्यात शिजणारी. तिच्यात चाकवत, मेथी, चुका, पातीचा कांदा, हरभऱ्याचा कोवळा पाला. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, भुईमूग. गाजर, वांगं, कुठं बोरंसुद्धा. हे सगळं शिजलं की ताकात कालवलेलं डाळीचं पीठ लावायचं, वर लसणाची फोडणी. प्रमाण विचारलं तर बायका हसतात. प्रमाण त्यांच्या हातात नसतं, रानाच्या हातात असतं.

कर्नाटकात जमिनीच्या उताऱ्याला पहाणी म्हणतात. महाराष्ट्रातला सातबारा तो इथली पहाणी. तिच्यात पिकाचा एक रकाना असतो आणि त्यात तलाठी जे लिहील ते. येळवशीची भज्जी ही त्या रकान्याची खरी प्रत. पातेल्यात डाव घालून वर काढला की त्या घराच्या रानात यंदा काय उभं आहे ते कळतं. माझ्या मते या सणाचं मर्म पूजेपेक्षा या पातेल्यात जास्त आहे.

याचं कारण जुन्या पेरणीत आहे. काळ्या रानात रब्बीची मालदांडी पेरताना नुसती ज्वारी कधीच नसायची. ज्वारीच्या ओळींत मध्येच हरभरा किंवा जवस, कडेनं करडईच्या काकऱ्या. करडई काटेरी, त्यामुळे मोकाट गुरं आत शिरायला कचरतात. म्हणजे कुंपणही झालं, कोवळ्या पानांची भाजी झाली आणि बी वाळल्यावर वर्षाचं तेल झालं. जवसाची आणि कारळ्याची चटणी डब्यात. तूर खरिपातली, पण येळवशीला तिच्या शेंगा भरलेल्या असतात. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बांधावर मात्र तिचा मान ओल्या दाण्यांचा.

हरभऱ्याचा पाला खुडणं हे तर बागकामच. पीक महिन्या-सव्वा महिन्याचं झालं की बायका ओळीनं शेंडे खुडत जातात. शेंड्याचा कोंब बाजूच्या फांद्यांना दाबून धरत असतो. तो निघाला की फांद्या फुटतात, झाड पसरतं आणि घाटे जास्त लागतात. घराला भाजी आणि पिकाला फायदा, दोन्ही एका चिमटीत. पाल्यावर आंब असते. थंडीत रात्री हरभऱ्यावर धोतराचं धुतलेलं फडकं पसरून पहाटे पिळलं की तिचा आंबट अर्क मिळतो. जुन्या घरांत तो बाटलीत भरून ठेवत, पोटदुखीवर. खुडणाऱ्या बायकांची बोटं या आंबेनं चिरतात हे कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं.

भज्जी दरसाल सारखी का नसते यालाही कारण आहे. पेरणी सूर्याच्या नक्षत्रांवर चालते. रब्बी ज्वारी उत्तरा आणि हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पाऊस वाफसा देईल तशी. सण मात्र चंद्रावर. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, म्हणून येळवस दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी घेते. २०२४ मध्ये ती ११ जानेवारीला आली, त्याच साली पुन्हा ३० डिसेंबरला, आणि २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. तीन आठवड्यांचा फरक. पिकाच्या आयुष्यात हा फरक मोठा. जानेवारीतली येळवस आली तर ज्वारीची कणसं बाहेर पडलेली, हरभरा घाट्यांनी लगडलेला आणि भज्जी दाण्यांची. डिसेंबरच्या मध्यात आली तर ज्वारी पोटरीत, हरभरा फुलावर, मग पाल्याचीच भज्जी आणि सोलाण्यांच्या जागी बाजारचा वाटाणा.

ज्वारी पोटरीत असते तेव्हा तिचं कणीस पानाच्या वेढ्यात लपलेलं असतं आणि ताटाचा तो भाग फुगीर दिसतो. येळवशीची पूजा म्हणजे या भरल्या अंगाच्या काळ्या आईची ओटी. रानात कडब्याच्या पाच पेंढ्यांची खोप उभी करतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव म्हणून, आणि त्यांच्याजवळ लक्ष्मी किंवा द्रौपदी. नैवेद्य झाला की घरचा गडी आंबील आणि भज्जीचा चर शिंपडत रानाला फेरी घालतो, मागून पोरं हाका देतात. काही रानांत मातीच्या बोळक्यात दूध उतू घालतात आणि ते कुठल्या बाजूला सांडलं त्यावरून पुढच्या सालाचा अंदाज बांधतात. अंधार पडायला लागला की कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची.

जेवण कुणाला चुकत नाही. ज्याला जमीन नाही त्याला दहा घरांतून बोलावणं. शाळेतले गुरुजी, बँकेतले साहेब, शेजारचे मुसलमान घर, बिदरला भाड्यानं राहणारी पोरं, सगळे कुणाच्या ना कुणाच्या बांधावर. “येळवशीला आलात आन् न जेवता चाललात होय भावजी?” असं म्हणून वहिनी ताटात उंडा टाकते, तो परत करायची रीत नाही. उंडे ज्वारीच्या किंवा सजगुऱ्याच्या पिठाचे, वाफवलेले. भज्जीत कुस्करून खायचे. गोडाला गव्हाची खीर किंवा शेंगदाण्याच्या पोळ्या. हे सगळं आदल्या रात्री जागून बायका करतात. सणाच्या वर्णनात पुरुषांची खोप आणि फेरी तेवढी रंगवून सांगायची सवय आहे, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

आता पहाणीकडे परत. गेल्या काही दशकांत बिदर जिल्हा सोयाबीनचा झाला, कर्नाटकात सोयाबीन सर्वात जास्त इथंच. जूनमध्ये पेरलं, दसऱ्याच्या आसपास काढलं, पैसा हातात आला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मालदांडी काढायला, खुडायला, मोडायला माणसं लागतात आणि मजुरी परवडत नाही. पण सोयाबीन घरात शिजत नाही. त्यामागून ट्रॅक्टरनं पेरलेला हरभरा येतो, सलग, एकटा. ऊस असेल तर तोही नाही. मग येळवशीच्या आदल्या दिवशी भालकीच्या आणि हुमनाबादच्या बाजारात भज्जीच्या भाज्यांचे तयार वाटे लागतात. चाकवत, चुका, ओली तूर, बोरं, सगळं एकाच ढिगात. बरं लागतं तेही. फक्त त्या भज्जीवरून रान वाचता येत नाही, बाजार वाचता येतो.

खोपेची अडचण आणखी गमतीची. उभी ज्वारी कापून खोप करत नाहीत. खोपेला कडबा लागतो तो गेल्या सालचा. म्हणजे ज्यानं गेल्या वर्षी ज्वारी पेरली नाही त्याला यंदा शेजाऱ्याकडे पाच पेंढ्या मागायला जावं लागतं. शेजारीही सोयाबीनवाला निघाला तर पुढच्या शिवारात. काही ठिकाणी उसाच्या पाचटाची खोप दिसते. पांडवांची तक्रार ऐकिवात नाही.

याच्या उलटही चाललं आहे. सोयाबीन-हरभऱ्याच्या रानातच विहिरीजवळचा एखादा तुकडा घरासाठी राखायचा, त्यात चार काकऱ्या ज्वारी, दोन तुरी, कडेनं करडई, पाटाच्या ओलीवर मेथी-चुका. सांगायला तो भाजीचा वाफा, पण पेरायचा हिशेब येळवशीवरून मोजतात. अमावस्या लवकर येणार असेल त्या साली पाला जास्त, उशिरा असेल तर वाटाणा आणि वाल जास्त. पंचांग बघून वाफा लावणारी ही बागाईत सासूकडून सुनेकडे आलेली आहे आणि सून मोबाईलवर तारीख बघते, एवढाच फरक.

पातेल्यात उरलेली भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. कडक भाकरीचा चुरा ताटात घ्यायचा, त्यावर गरम भज्जी ओतायची, भाकरी मऊ पडेपर्यंत थांबायचं, वर कच्चं करडईचं तेल. घासाला कच्चा कांदा. ज्यांच्याकडे काल रानात जाणं झालं नाही त्यांच्या घरी एक डबा पोहोचवायचा.

पुढच्या भागात ज्वारीच्या कणसात दूध भरेल. हुरडा, आगटी आणि हुरड्याला बसलेल्या पाहुण्यांची सरबराई.