कूस उजवली की विसरेल म्हणे!

गर्भपात झालेल्या किंवा तान्हं बाळ गेलेल्या बाईला भेटायला आलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "तरुण आहेस, दुसरं होईल. कूस उजवली की सगळं विसरशील." मावशी-आत्यांचा हेतू वाईट नसतो. पण दवाखान्यातही डिस्चार्जच्या कागदांबरोबर हाच सल्ला मिळतो, तेव्हा संताप येतो. पुढचं बाळ हे आधीच्या दुःखावरचं औषध आहे, याला आधार नाही. उलट पुरावा मात्र आहे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या तेरा हजारांहून अधिक गरोदर बायकांची पाहणी २०११मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'त छापून आली. ज्यांचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं, त्यांच्यात नैराश्य आणि चिंतेची लक्षणं जास्त होती. पुढचं मूल सुदृढ जन्मलं तरी ती ओसरली नाहीत. ते पावणेतीन वर्षांचं झालं तेव्हाही फरक दिसत होता. १९९९मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात तर मृत बाळ जन्मल्यानंतर वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्या बायकांना, जास्त थांबलेल्यांपेक्षा, हा त्रास अधिक आढळला. घाई करायला सांगणाऱ्यांनी जरा हे वाचावं. वय उलटत चाललेल्या जोडप्याला थांबणं परवडत नाही, हेही खरं. पण मग त्यांना नव्या गरोदरपणात आधार जास्तच लागणार.

असा आधार देणारा समुपदेशक घरच्यांपेक्षा काय वेगळं करतो? तो विसरायला सांगत नाही. नाव ठरलं होतं का, बाळाला कुणी पाहिलं, लेबर रूममध्ये काय घडलं, हे विचारतो. म्हणजे घरात ज्यावर अवाक्षर काढायची बंदी असते, नेमकं तेच. 'त्या दिवशी मी जिना चढले म्हणून' असं स्वतःला कोसत बसलेल्या बाईला तो सांगतो, की पहिल्या तीन महिन्यांतले सुमारे निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांमधल्या दोषामुळे होतात. जिन्याचा, एसटीच्या प्रवासाचा किंवा ग्रहणाचा त्यात संबंध नाही. झोप उडाली असेल, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, जगावंसं वाटत नसेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. सगळ्यांनाच समुपदेशन लागतं असं नाही, आणि त्यातली कोणती पद्धत सरस, याचे पक्के पुरावेही अजून तोकडे आहेत. पण 'हे वेड्यांसाठी असतं' म्हणून दार लावून घेणं, हा शुद्ध अडाणीपणा आहे.

अशा वेळी कानावर पडणारी आणखी काही वाक्यंही तपासून बघू. 'दोनच महिन्यांचं तर होतं!' लंडनच्या रुग्णालयांतला २०२०चा अभ्यास सांगतो, की सुरुवातीच्या दिवसांतल्या गर्भहानीनंतर महिन्याभराने २९ टक्के बायकांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांमध्ये ती होतीच.

'आईला बाळ दाखवू नका, त्रास होईल.' दाखवण्याची सक्ती नको, लपवण्याचीही नको. विचारा, आणि तिला ठरवू द्या.

'बाळ नाही, तर दूध कुठून येणार?' येतं. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भ गेला तरी येऊ शकतं. हे तिला आधी कुणीच सांगितलेलं नसतं, ही खरी चीड आणणारी गोष्ट.

'बाप्याला काय होतंय!' होतं. पण धावपळ आणि बिलं त्याच्या वाट्याला येतात, आणि त्याची चौकशीही लोक 'आता ती कशी आहे?' अशी करतात.

'मूलच नाही, मग रजा कसली?' १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने 'मूल' या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही धरलं, आणि गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद केली. बाळ जन्मताच गेलं किंवा मृत जन्मलं, तर केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना साठ दिवसांची विशेष रजा मिळते. तो आदेश सप्टेंबर २०२२चा आहे.

जवळपास समुपदेशक नसेल, तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. फोन बाईनेच करायला हवा असं नाही. नवऱ्याने किंवा सासूने केला तरी चालतो.